पुस्तक घरी जायला हवं

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की मराठी घरांत एकच विषय सुरू होतो, आता दीड महिना मुलांचं करायचं काय. पोहण्याचा वर्ग, चित्रकलेचा वर्ग, संस्कार शिबिर, थोडे दिवस आजोळ आणि उरलेल्या वेळात मोबाइल. या यादीत गावातलं सार्वजनिक वाचनालय क्वचितच येतं. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये मात्र सुटीचे दिवस म्हणजे ग्रंथालयांच्या धामधुमीचे दिवस. शाळा सुटली की ग्रंथालय मुलांचं होतं, आणि अमेरिकेत तर हे सव्वाशे वर्षं चालत आलेलं आहे. लेकाकडे किंवा लेकीकडे उन्हाळ्यात राहायला गेलेले आपल्याकडचे आजी-आजोबा नातवंडांचं बोट धरून तिथल्या ग्रंथालयात जातात, पिशवी भरून पुस्तकं घरी आणतात आणि परत आल्यावर त्याचं भरभरून वर्णन करतात.

त्या वर्णनात कौतुक असतं, थोडी हळहळही असते. पण हा उपक्रम कसा उभा राहिला, त्यातून काय साधतं, तो कुठे फसतो आणि आपल्या वाचनालयांनी त्यातलं काय घ्यावं, इथपर्यंत ते बोलणं सहसा पोचत नाही. माझं मत सुरुवातीलाच सांगते. सुटीतल्या वाचनाचा प्रश्न गोडीचा कमी आणि पुस्तक हाताशी असण्याचा जास्त आहे. मुलानं स्वतः निवडलेलं पुस्तक पैसे न मोजता, दंडाच्या धाकाशिवाय घरी जावं आणि घरातल्या कुणीतरी त्याच्याशी त्यावर बोलावं, एवढं ज्या उपक्रमातून होतं तो कामाचा. बाकीचा थाट असला तर उत्तम, नसला तरी चालेल.

या उपक्रमाचं मूळ शोधत गेलं की अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात कॅरोलिन ह्यूइन्स या ग्रंथपाल बाई भेटतात. १८७५ मध्ये त्या ज्या ग्रंथालयात रुजू झाल्या, ते वर्गणीदारांचं होतं. पैसे भरणाऱ्यांनाच पुस्तक मिळे, म्हणजे आपल्याकडच्या नगर वाचनालयांसारखाच कारभार. १८८२ मध्ये ह्यूइन्स यांनी देशातल्या पंचवीस ग्रंथालयांना पत्र पाठवून विचारलं, की मुलामुलींना चांगलं वाचायची गोडी लागावी म्हणून तुम्ही काय करता? त्या काळी मुलांना ग्रंथालयात फारसं येऊच देत नसत, हे लक्षात घेतलं तर या प्रश्नाचं धाडस कळतं. १८९२ मध्ये हार्टफर्डचं ग्रंथालय सर्वांसाठी मोफत झालं, मुलं आत आली आणि त्या दशकाच्या अखेरीस ह्यूइन्स सुटीच्या दिवसांत मुलांना जमवून पुस्तकांच्या गप्पा आणि वाचन घेऊ लागल्या. आधी ग्रंथालय मोफत झालं, उपक्रम नंतर आला. हा क्रम विसरून चालणार नाही.

त्याच सुमारास क्लीव्हलंडमध्ये लिंडा ईस्टमन यांनी १८९७ मध्ये मुलांची एक वाचक संघटना काढली. हात धुऊन पुस्तक हाताळू, पानं दुमडणार नाही, असं वचन दिलं की मूल सभासद. हजारो मुलं त्यात आली आणि चांगल्या पुस्तकांची यादी मुलांनीच एकमेकांपर्यंत पोचवली. पिट्सबर्गच्या कार्नेगी ग्रंथालयात फ्रान्सिस जेंकिन्स ऑल्कॉट यांच्या हाताखाली पुस्तकं इमारतीबाहेर पडली, मुलं राहत तिथे आणि उन्हाळ्यात ती खेळत त्या मैदानांवर. या सगळ्यांचा काळ एक होता आणि काळजीही एक होती. कारखान्यांची शहरं, परदेशांतून नुकतीच येऊन दाटीवाटीनं राहणारी कुटुंबं, दिवसभर कामावर गेलेले आईबाप आणि रस्त्यावर मोकळी मुलं. परीक्षेतल्या गुणांचा विचार तेव्हा कुणाच्या मनात नव्हता. मुलं उनाड होऊ नयेत, स्वस्तातल्या भडक कादंबऱ्यांऐवजी काही बरं वाचावं आणि शाळा नसताना त्यांना बसायला एक जागा असावी, एवढाच हेतू होता.

पुढच्या शतकात या साध्या गोष्टीवर पुष्कळ थर चढले. भिंतीवरचे तक्ते आले, प्रमाणपत्रं आली, दर वर्षाला एक विषय आला. १९८७ मध्ये मिनेसोटातल्या ग्रंथालयांनी विषय आणि साहित्य एकत्र तयार करायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे देशभर पसरलेली सहकारी व्यवस्था उभी राहिली आणि आज त्या देशातली असंख्य ग्रंथालयं दर उन्हाळ्यात एकच घोषवाक्य, एकाच तऱ्हेची भित्तिपत्रकं लावतात. चंद्रावर माणूस उतरल्याला पन्नास वर्षं झाली त्या २०१९ साली विषय होता विश्वाचा आणि गोष्टींचा. ब्रिटनमध्ये १९९९ पासून एक संस्था ग्रंथालयांच्या मदतीनं उन्हाळी वाचनाचं आव्हान चालवते. सुटीत ठरावीक, बहुधा सहा, पुस्तकं वाचायची, प्रत्येक टप्प्यावर एक चिकटचित्र मिळवायचं, शेवटी पदक आणि प्रमाणपत्र. दरवर्षी लाखो मुलं त्यात उतरतात.

जूनमधल्या अशा एखाद्या अमेरिकी ग्रंथालयाच्या टेबलाशी जरा थांबून पाहावं. मूल येतं, नाव सांगतं, त्याच्या हातात एक कागद दिला जातो. कागदावर चौकटी असतात आणि वीस मिनिटं वाचलं की एक चौकट रंगवायची असते. काय वाचायचं याला बंधन नाही. चित्रकथा चालते, आपल्याकडे क्रिकेटवरचं चालेल तसं तिथे बेसबॉलवरचं पुस्तक चालतं, पाककृती चालतात, ऐकायचं पुस्तक चालतं आणि धाकट्या भावंडाला वाचून दाखवलेलंही धरलं जातं. शेजारच्या खोलीत तोवर कुणी जादूगार आलेला असतो, कुणी साप-कासवं घेऊन आलेलं असतं, कुठे लेगोचे ठोकळे मांडलेले असतात. आईबाप जादू पाहायला मुलाला घेऊन येतात, मूल जाताना चार-पाच पुस्तकं घेऊन जातं. ग्रंथपालांचा सारा डाव या जाताना घेतलेल्या पुस्तकांवर असतो.

आता यातून साधतं काय? इथे अभ्यासकांचं एकमत नाही, आणि हे मतभेद आपल्यालाही कामाचे आहेत.

बार्बरा हाइन्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अटलांटा शहरातल्या सहावी-सातवीच्या मुलांचा अभ्यास करून १९७८ मध्ये पुस्तक लिहिलं. सुटीत मुलांचा शब्दसंग्रह कशामुळे वाढतो हे पाहताना इतर कोणत्याही सार्वजनिक संस्थेपेक्षा ग्रंथालयाचा हात त्यांना अधिक ठळक दिसला. ग्रंथालय घरापासून किती लांब आहे, यावरही मूल तिथे जातं की नाही हे ठरत होतं. पुढे १९९६ मध्ये हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी तोवरचे ३९ अभ्यास एकत्र ताडून पाहिले. सुटीत मुलं सरासरी महिनाभराच्या शिक्षणाइतकी मागे जातात, गणितात जास्त मागे जातात, आणि वाचनात सुस्थितीतल्या घरची मुलं थोडी पुढे सरकतात तर गरीब घरची मागे पडतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. कार्ल अलेक्झांडर, डोरिस एंटविसल आणि लिंडा ओल्सन यांनी बाल्टिमोरमध्ये १९८२ साली पहिलीत आलेल्या मुलांचा वर्षानुवर्षं माग ठेवला. नववीपर्यंत गरीब आणि सुस्थितीतल्या मुलांत जी दरी पडते, तिचा दोन तृतीयांश भाग प्राथमिक शाळेच्या सुट्यांमध्ये पडलेला असतो, असं त्यांनी २००७ मध्ये मांडलं. ग्रंथालयांच्या हाती हे आयतं प्रमाण आलं आणि उन्हाळी वाचनासाठी निधी मागताना ते सगळीकडे दाखवलं जाऊ लागलं.

पण २०१९ मध्ये पॉल फॉन हिप्पेल यांनी याच आकड्यांकडे पुन्हा पाहिलं. जुन्या चाचण्यांच्या मोजपट्ट्या सदोष होत्या, नव्या पद्धतीनं मोजलं तर सुटीत दरी रुंदावल्याचं तितकं स्पष्ट दिसत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांच्या मते दरीचा बराचसा भाग मूल शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच पडलेला असतो. काहींना यामुळे ग्रंथालयांचा दावाच लंगडा पडला असं वाटलं. मला तसं वाटत नाही. दरी शाळेआधी पडत असेल, तर तीन-चार वर्षांच्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना जवळ घेणारी संस्था अधिकच महत्त्वाची ठरते. शाळा त्या वयात नसते. ग्रंथालय असू शकतं.

दुसरा वाद अधिक बारकाईचा आहे. रिचर्ड ऑलिंग्टन, अ‍ॅन मॅक्गिल-फ्रान्झेन आणि सहकाऱ्यांनी फ्लोरिडातल्या गरीब वस्त्यांतल्या शाळांमध्ये एक साधा प्रयोग केला. उन्हाळ्याआधी पुस्तकांचं प्रदर्शन मांडायचं, प्रत्येक मुलानं आपल्या आवडीची १२ पुस्तकं निवडायची आणि ती त्यानं कायमची घरी न्यायची. असं लागोपाठ तीन उन्हाळे केलं. कुणी शिकवलं नाही, प्रश्नोत्तरं घेतली नाहीत. २०१० मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला तेव्हा या मुलांची वाचनातली प्रगती पुस्तकं न मिळालेल्या मुलांपेक्षा सरस होती. फरक डोळे दिपवणारा नव्हता, पण खर्चिक उन्हाळी वर्गांनी पडतो त्याच्या तोडीचा होता. याउलट जेम्स किम यांनी टॉमस व्हाइट यांच्यासोबत २००८ मध्ये जो प्रयोग मांडला, त्यात नुसती पुस्तकं दिल्यानं लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. ज्या मुलांना आधी शिक्षकांनी मोठ्यानं कसं वाचायचं, वाचलेलं आपल्या शब्दांत कसं सांगायचं हे दाखवलं होतं आणि घरच्यांनाही मुलाकडून वाचून घ्यायला सांगितलं होतं, त्यांना फायदा झाला.

हे दोन प्रयोग एकमेकांना खोडतात असं वरवर दिसतं. मला ते पूरक वाटतात. ऑलिंग्टन यांच्या प्रयोगात निवड मुलाची होती आणि प्रयोग तीन उन्हाळे चालला, किम यांच्या प्रयोगात सोबत मोठ्या माणसाची होती. आवडीचं पुस्तक आणि ऐकणारं माणूस, या दोन्ही गोष्टी ग्रंथालयाला एकाच वेळी देता येतात. ग्रंथालयाच्या उपक्रमांचं थेट मोजमाप करणं मात्र अवघड जातं, कारण उन्हाळ्यात नाव नोंदवायला येणारी मुलं बहुधा आधीपासूनच वाचणारी असतात. शिकागोजवळच्या डॉमिनिकन विद्यापीठानं अनेक ठिकाणच्या ग्रंथालयांतल्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा भाग घेणारी मुलं पुढे असल्याचं दिसलं, पण ती सुरुवातीलाही पुढेच होती. म्हणून नाव नोंदवलेल्यांच्या आकड्यावर कुणी खूष होऊन थांबू नये. जे मूल आलंच नाही त्याच्याकडे पुस्तक कसं गेलं, हे विचारायला हवं. पिट्सबर्गच्या बायका पुस्तकं घेऊन मैदानावर गेल्या होत्या त्या यासाठीच.

बक्षिसांबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण आपल्याकडे कोणताही उपक्रम निघाला की पहिला विचार बक्षिसाचा होतो. ऐंशीच्या दशकात एका मोठ्या पिझ्झा कंपनीनं अमेरिकेतल्या शाळांमध्ये ठरलेलं वाचन केलं की फुकट पिझ्झा देण्याची योजना काढली आणि ती तुफान चालली. ग्रंथालयांनीही प्लास्टिकची खेळणी, कुपनं, शेवटी सोडतीत सायकल असे मार्ग धरले. पण १९७३ मध्येच मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग करून ठेवला होता. चित्र काढायला मुळातच आवडणाऱ्या मुलांना आधी सांगून बक्षीस दिलं, तर नंतर बक्षीस नसताना ती मुलं चित्रांकडे कमी वळली. वाचनाबाबत बार्बरा मॅरिनाक आणि लिंडा गॅम्ब्रेल यांनी २००८ मध्ये तिसरीच्या मुलांबरोबर असंच पाहिलं. लहानसहान वस्तू बक्षीस मिळालेली मुलं नंतर पुस्तकाकडे कमी वळली. ज्यांना बक्षीस म्हणून पुस्तकच मिळालं, ती आणि ज्यांना काहीच मिळालं नाही ती, दोन्ही वाचत राहिली. आज पुष्कळ ग्रंथालयं बक्षीस म्हणून पुस्तकच देतात, याचं मला मनापासून समाधान वाटतं. ज्या घरात शाळेच्या पुस्तकांखेरीज छापील काही नसतं, त्या घरातल्या मुलाला मिळालेलं स्वतःच्या मालकीचं पुस्तक हे बक्षीस म्हणून पुरेसं मोठं आहे.

मोजणीचंही तसंच. पुस्तकांची संख्या मोजली की मुलं पातळ पुस्तकं उचलतात, अडखळत वाचणारं मूल मागे राहतं आणि शेजारचं मूल चाळीसवर पोचलेलं पाहून ते येणंच बंद करतं. म्हणून अनेक ठिकाणी संख्या सोडून मिनिटं मोजायला लागले. काहींनी तर तेही सोडून आज झाडाखाली बसून वाच, आजीला एक गोष्ट वाचून दाखव, अशी कामं द्यायला सुरुवात केली. आपल्या एखाद्या वाचनालयानं हा उपक्रम केला, तर ‘सर्वाधिक पुस्तकं वाचणाऱ्या विद्यार्थ्याचा सत्कार’ कृपा करून ठेवू नये. सत्कार त्याचाच होतो ज्याला त्याची गरज नव्हती.

कुटुंबाला सोबत घेण्याच्या बाबतीत अमेरिकेतली ग्रंथालयं खरोखर पुढे गेली आहेत. तिथल्या ग्रंथालय संघटनेनं २००४ मध्ये पालकांसाठी एक कार्यक्रम आखला आणि २०११ मध्ये तो सोपा करून पाच गोष्टींवर आणला: मुलाशी बोला, गा, वाचा, लिहा आणि खेळा. गोष्टींच्या तासाला आईबापांनी मुलाला सोडून निघून जायचं नसतं, मांडीवर घेऊन बसायचं असतं. ग्रंथपाल गोष्ट मुलांना सांगत असतात आणि ती कशी सांगायची हे त्याच वेळी आईबापांना दाखवत असतात. चित्रावर बोट ठेवून थांबायचं, पुढे काय होईल ते मुलाला विचारायचं, चुकलं तरी पुढे जायचं. घरी गेल्यावर तेच करता यावं म्हणून.

चुकण्याच्या भीतीवर एक सुंदर उपाय १९९९ मध्ये सॉल्ट लेक सिटीत सुरू झाला. अडखळत वाचणाऱ्या मुलानं शिकवलेल्या, शांत कुत्र्याला वाचून दाखवायचं. मूल गालिच्यावर बसतं, कुत्रा त्याच्या मांडीशी डोकं ठेवून पडतो आणि एखादा शब्द तीनदा अडला तरी कुणी हसत नाही, कुणी पुढचा शब्द सांगून टाकत नाही. अनेक ग्रंथालयांनी हा प्रकार उचलला. मोठ्यानं वाचताना ज्याचा कधी वर्गात पाणउतारा झाला आहे, त्याला यातलं मर्म लगेच कळेल.

भाषेचा मुद्दा तर आपल्या अगदी जवळचा. न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात १९२१ पासून पुरा बेलप्रे नावाच्या पोर्तो रिकोतून आलेल्या बाई काम करू लागल्या. त्यांनी स्पॅनिशमध्ये गोष्टी सांगितल्या, बाहुल्या बनवून खेळ केले आणि ज्या आया ग्रंथालयाच्या दारातून आत यायला बिचकत, त्या मुलांसह आत आल्या. पुढे १९९६ मध्ये लेखिका पॅट मोरा यांनी ३० एप्रिलला मुलांचा आणि पुस्तकांचा दिवस साजरा करण्याची प्रथा सुरू केली, तीही घरच्या भाषेचा मान राखूनच. आज पुण्या-मुंबईत, नागपूर-नाशकात इंग्रजी माध्यमात शिकणारी असंख्य मराठी मुलं घरात अस्खलित मराठी बोलतात आणि मराठी पान समोर आलं की अडखळतात. शाळेत मराठी हा त्यांच्यासाठी गुणांचा विषय आहे. परदेशातल्या मराठी शाळांत रविवारी जाणाऱ्या मुलांचंही तेच. गुणपत्रिकेशिवाय मराठी अक्षर भेटावं अशी एकच जागा उरते, आणि ती सुटीतलं वाचनालय. आजीनं मांडीवर घेऊन माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ वाचून दाखवलं, तर त्या मुलाचा आणि मराठी पानाचा संबंध बदलतो, हे मी पाहिलेलं आहे.

आणि मग अडथळे दूर करण्याचा भाग, जो मला या साऱ्या इतिहासात सगळ्यांत मोलाचा वाटतो. पुस्तक उशिरा परत केलं म्हणून दंड, दंड साचला म्हणून कार्ड बंद, कार्ड बंद म्हणून मूल येणं बंद, हे चक्र गरीब वस्त्यांत सर्वाधिक फिरत होतं. अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेनं २०१९ च्या सुरुवातीला ठराव करून दंड हा सामाजिक विषमतेचा प्रकार असल्याचं म्हटलं. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो यांनी विलंब दंड बंद केला, २०२१ मध्ये न्यूयॉर्कनं केला. दंड गेल्यावर शिकागोत वर्षानुवर्षं घरात लपवून ठेवलेली पुस्तकं परत येऊ लागली. कॅलिफोर्नियात २०१३ पासून उन्हाळ्यात ग्रंथालयांतच मुलांना जेवण मिळू लागलं, कारण शाळा बंद झाली की शाळेतलं जेवणही बंद होतं. उपाशी मूल गोष्ट ऐकत नाही, हे ग्रंथपालांनी ओळखलं आणि खिचडीच्या आधारावर शाळेत येणारी मुलं पाहिलेल्या आपल्या शिक्षकांना ते वेगळं सांगायला नको.

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडे वाचनालयांची परंपरा ह्यूइन्स यांच्या उपक्रमाहून जुनी आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं. गोव्यातल्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची सुरुवात १८३२ ची. मोफत ग्रंथालयाचं स्वप्नही आपल्या जवळच्याच माणसानं पाहिलं. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बडोद्याला बोलावून राज्यभर ग्रंथालयांचं जाळं विणलं. लाकडी पेट्यांतून पुस्तकं खेडोपाडी जात, आणि मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी पुस्तकं आणि खेळ मांडलेला स्वतंत्र विभाग होता.

महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आला. त्यातून आज बारा हजारांच्या आसपास शासनमान्य वाचनालयं अ, ब, क, ड या वर्गांत अनुदान घेऊन उभी आहेत. संख्या मोठी आहे आणि खेड्यापाड्यांत ती तगवून धरणाऱ्या कार्यकर्त्यांविषयी मला आदर आहे. पण रचना मुळात वर्गणीदारांच्या संस्थेचीच राहिली. कर्नाटकानं १९६५ च्या कायद्यात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला, तसा उपकर महाराष्ट्राच्या कायद्यात नाही. अनुदान पुरत नाही, म्हणून अनामत आणि वर्गणी आली. सेवकांचं मानधन तुटपुंजं राहिलं, म्हणून दुपारी वाचनालय बंद राहू लागलं. मे महिन्यात विदर्भात दुपारी बाराला मुलांना घराबाहेर पडवत नाही आणि घरात करमत नाही. नेमक्या त्या वेळी वाचनालयाला कुलूप असतं.

तालुक्याच्या एखाद्या वाचनालयात बालविभाग शोधा. पाटी असते. आत स्टीलचं कपाट असतं, काचेमागे थोरांची चरित्रं, जातककथा, बिरबलाच्या गोष्टी, आणि किल्ली ग्रंथपालांच्या टेबलाच्या खणात. बाकी खोली अभ्यासिकेला दिलेली, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलंमुली तिथे मान खाली घालून बसलेली. त्यांनाही दुसरी जागा नाही, त्यांना दोष देता येत नाही. पण त्या शांततेत पाच वर्षांचं मूल खुदकन हसलं तर त्याला बाहेर नेलं जातं. आणि कपाटाला कुलूप का, याचं कारण ग्रंथपालांची हौस नाही. पुस्तक हरवलं तर जबाबदारी त्यांच्यावर येते, निर्लेखनाची कागदपत्रं करायची, तपासणीत उत्तरं द्यायची. ज्याच्या पगाराची खात्री नाही त्यानं मुलांच्या हातात चित्रांची महागडी पुस्तकं मोकळेपणानं द्यावीत, ही अपेक्षा व्यवस्थेनं त्याच्या पाठीशी उभं राहिल्याशिवाय करता येत नाही.

तरी आपल्याकडे चांगलं काही घडत नाही असं मुळीच नाही. नाशिकहून २००९ मध्ये विनायक रानडे यांच्या पुढाकारानं सुरू झालेली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना पेट्या घेऊन लोकांच्या दारी गेली आणि दुबईसारख्या ठिकाणच्या मराठी माणसांपर्यंत पोचली. बडोद्याच्या पेटीचीच ही पुढची पिढी म्हणायला हवी. पणजीत २००५ पासून चालणारी ‘बुकवर्म’ ही संस्था मुलांसाठी वाचनालय चालवते आणि वस्त्या-शाळांपर्यंत पुस्तकं नेते. तिथला मोठ्यानं वाचण्याचा तास पाहिला की मुलांना पुस्तक कसं भेटवावं ते कळतं. महाबळेश्वरजवळच्या भिलारला ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचं गाव झालं. घराघरांतून पुस्तकं मांडली गेली, ती तिथे बसून मोफत वाचता येतात आणि सुटीत तिथे कुटुंबंच्या कुटुंबं दिसतात. भिलारचं मला कौतुक आहे, मात्र पुस्तक तिथेच ठेवून यायचं असतं. सहलीला गेलेल्या मुलाला ते भेटतं, जे मूल सहलीला जात नाही त्याला भेटत नाही.

शेजारच्या कर्नाटकानं २०२० मध्ये ‘ओदुव बेळकु’ या मोहिमेतून ग्रामपंचायतींच्या ग्रंथालयांत शाळकरी मुलांना मोफत सभासदत्व दिलं. अनामत नाही, वर्गणी नाही. लाखो मुलं नोंदली गेली. जुनाट खोल्या रंगवल्या गेल्या, ग्रंथालयांत मुलांची उन्हाळी शिबिरं झाली. हे कुठल्या श्रीमंत देशात घडलेलं नाही, सोलापूर-कोल्हापूरच्या सीमेपलीकडे घडलेलं आहे.

पुस्तकंच नाहीत, ही सबबही आता तितकी खरी राहिलेली नाही. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे अंक संकेतस्थळावर मोफत मिळतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५ पासून मराठीसह कित्येक भाषांतल्या चित्रगोष्टी खुल्या परवान्यानं ठेवलेल्या आहेत, त्या छापून काढायलाही मोकळीक आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या आईला मुलाबरोबर बसता यावं म्हणून शब्द नसलेली चित्रपुस्तकं आहेत. ती पाहून आई स्वतःच्या बोलीत, अहिराणीत, वऱ्हाडीत, मालवणीत गोष्ट सांगू शकते.

तेव्हा तालुक्याच्या एखाद्या वाचनालयानं येत्या मे महिन्यात नुसतं एवढं करून पाहावं. दुपारी बारा ते चार वाचनालय उघडं ठेवायचं, निदान एक खोली, पंखा आणि पाण्याचा माठ. सेवकांवर भार नको, निवृत्त शिक्षक आणि वाचनाची आवड असलेल्या आज्या पाळीपाळीनं बसतील. रोज एक गोष्ट मोठ्यानं वाचायची आणि आलेल्या आईला, आजोबांना सोबत बसवून घ्यायचं. काच लावलेलं कपाट भिंतीशी राहू द्यावं, पुस्तकं सतरंजीवर मांडावीत, चित्र वर येईल अशी. मूल जे उचलेल ते त्याला घरी नेऊ द्यावं. अंगणवाडी सेविका आणि आशाताईंना विचारून ज्या वस्तीतलं एकही मूल आलेलं नाही, तिथे आठवड्यातून एकदा पेटी घेऊन जावं.

मुलांची बरीच मराठी चित्रपुस्तकं अजून शंभर रुपयांच्या आत येतात. पाचशे पुस्तकं घेतली तर खर्च पन्नास हजारांच्या आसपास जाईल, आणि ती पुढच्या सुट्यांनाही उपयोगी पडतील. दहातलं एक पुस्तक परत आलं नाही असं धरलं, तरी पाच हजारांचं नुकसान होतं. ही रक्कम गावातल्या एखाद्या दात्याकडून एप्रिलमध्येच मागून ठेवावी, हरवलेल्या पुस्तकांसाठी म्हणून तसा कार्यकारिणीचा ठराव करून घ्यावा म्हणजे ग्रंथपालांना कुणी जाब विचारणार नाही, आणि बालविभागाच्या अर्जातून अनामतीचा रकाना काढून टाकावा.